इस्त्री केलेलं गणित

मी एक जुनी मशीन आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मला शिवता येत नाही. शेजारच्या काकू एकदा मोठ्या आशेनं उशीचा फाटका अभ्रा घेऊन आल्या होत्या, म्हणून सांगितलं. माझं काम लिहिण्याचं. मला सहा बटणं आहेत. ती दाबली की कागदाला खालून टोचा बसतो आणि वर बारीक उंचवटे उठतात. त्यांचीच अक्षरं होतात. या लिपीला ब्रेल म्हणतात. ती बोटांनी वाचायची असते.

माझा जन्म कारखान्यात झाला. अंग लोखंडाचं, पोटात स्प्रिंगा, आणि ओळ संपत आली की वाजणारी एक घंटी. ती बसवणारा कारागीर उगीचच पुन्हा पुन्हा वाजवून बघायचा आणि स्वतःशीच खूश व्हायचा. तिथून मी अंध मुलांच्या शाळेत गेले. कितीतरी बोटांनी मला बडवलं. काही घामट, काही चिकट, काही इतकी घाबरट की बटण दाबल्यावर माझीच माफी मागायची.

पुढे शाळेत नव्या मशीन आल्या. तेव्हा शाळेच्या बाईंनी मला शेवटच्या वर्गातल्या एका मुलीच्या हवाली केलं. म्हणाल्या, "ने हिला घरी. तुझ्याइतकं हिला कुणी छळलेलं नाही."

तिच्या घराच्या पुढच्या खोलीत तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं. लांबलचक टेबल, त्यावर जाड घोंगडी. एका टोकाला आईची इस्त्री, दुसऱ्या टोकाला मी. इकडे वाफ, तिकडे टकटक. अभ्रेवाल्या काकूंनी त्या मुलीचं नावच टकटक ठेवलं. "अगं टकटक, जरा दम घे गं! आमचे हे दुपारी झोपतात."

"मग त्यांना म्हणावं घोरू नका, काकू. माझी बेरीज चुकते," टकटक उत्तर द्यायची.

तिला गणिताचं वेड होतं. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण कपडे घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ती थांबवून सांगायची, "बघा, लिहितेय. गणित आहे हां, गाणी नाहीत."

शाळा संपली आणि प्रश्न पडला, आता पुढे काय? कॉलेजचा खर्च इस्त्रीच्या कमाईत बसणारा नव्हता. मामानं एका कचेरीत फोन घ्यायची नोकरी ठरवून ठेवली होती. तिथं जायला टकटकची ना नव्हती, पण तिथं गणित मात्र संपलं असतं. एकच वाट उरली होती. एक संस्था अंध विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती द्यायची. फी, राहणं, जेवण, ब्रेलमधली पुस्तकं, सगळं त्यात आलं. अट अशी की आपल्या विषयातलं काहीतरी स्वतः ब्रेलमध्ये लिहून आणायचं आणि समितीसमोर वाचायचं. हवं तर तिथंही लिहायला लावत, म्हणून मशीन बरोबर न्यायची.

मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे टकटकनं सिद्ध करायला घेतलं. लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. शेवटी पानं तयार झाली, पण पिशवीत कोंबताना चुरगळली.

मुलाखतीच्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि आईची नजर त्या पानांवर पडली. आयुष्यभर लोकांच्या सुरकुत्या मोडणारी बाई ती. तिनं पानं घोंगडीवर पसरली, वर ओला फडका टाकला आणि मायेनं इस्त्री फिरवली. मित्रांनो, मी काय करणार? माझ्याकडे एक घंटी, तीही ओळ संपल्याशिवाय वाजत नाही.

मग आईनं मला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं लेकीचा हात धरला, आणि आम्ही निघालो.

समितीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं होती. अध्यक्षबाई, गणिताचे एक प्राध्यापक, आणि एक अंध वकील, जे कधीकाळी याच शिष्यवृत्तीवर शिकले होते.

"गणितच कशाला?" प्राध्यापकांनी सुरुवात केली. "आकृत्या असतात, समीकरणं असतात. झेपेल का? भाषा घे, सोपी जाईल."

"भाषा कुठं सोपी जाते सर मला! आईला विचारा, किती बोलणी खाते ते."

आई मानेनं हो म्हणाली. मग टकटकनं पानं उघडली. तिची बोटं पहिल्या ओळीवर गेली, पुढं सरकली, मागं आली.

"आई, ही कोरी पानं कुठली आणलीस?"

"कोरी कशी असतील? मीच तर सकाळी नीट इस्त्री..." आणि आईनं कपाळावर हात मारला.

वकिलांनी हात लांब करून पान चाचपलं. "वा! इस्त्री कडक झालीय. कॉलर तेवढी राहिली."

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. आईचे डोळे मात्र भरले. "चुरगळली होती हो साहेब. मोठ्या माणसांसमोर असलं कसं आणायचं?"

मला वाटलं, आता पोरगी फुटणार. पण तिनं हातानं आईचा खांदा शोधला आणि म्हणाली, "रडू नकोस गं. मशीन इकडे ठेव."

"अगं, बाहेर मुलं थांबलीत. तोंडी सांग," प्राध्यापक म्हणाले.

"तोंडी सांगितलं तर पाठ केलंय म्हणाल."

अध्यक्षबाईंनी जाड कागद पुढे केला. टकटकनं तो माझ्यात घातला आणि सुरू झाली. अशी बोटं मी पाहिली नाहीत. ओळीमागून ओळ, घंटीमागून घंटी. वकील उभं राहून वरच्या ओळी वाचत होते.

मध्येच ती थांबली. मागचे शब्द पुन्हा चाचपले आणि नखानं काही ठिपके दाबून टाकले.

"काय झालं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"घरी लिहिलेलं चुकलं होतं सर. यादीतल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायचा आणि त्यात एक मिळवायचा. ही नवी संख्या मूळच असणार, असं मी लिहिलं होतं. तसं काही नाही. तिचे अवयव पडू शकतात. पण पडले, तरी त्यातला एकही मूळ अवयव आपल्या यादीतला नसतो. म्हणजे यादी अपुरीच."

प्राध्यापक खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून आले. "पुढं लिही," म्हणाले. बाहेरच्या मुलांची त्यांना आता आठवण राहिली नव्हती.

ती संपवून हात झटकू लागली, तेव्हा वकिलांनी शेवटच्या ओळीवरचं बोट उचललं. "बरोबर आहे."

प्राध्यापकांनी एकच विचारलं, "मी फळ्यावर शिकवतो. तू काय करशील?"

"तुम्ही लिहिताना मोठ्यानं बोला सर. बाकीच्यांनाही कळेल."

शिष्यवृत्ती तिलाच मिळाली, मित्रांनो, आणि ती त्याच प्राध्यापकांच्या कॉलेजात गेली. मामानं कुरकुरत फोनची नोकरी दुसऱ्याला देऊन टाकली. प्राध्यापक वर्गात मोठ्यानं बोलायला लागले, आणि खरंच, मागच्या बाकांवरच्या मुलांचे गुण वाढले.

आज टकटक त्याच कॉलेजात शिकवते. तिच्याकडे आता बोलणारं यंत्र आहे, खिशात मावणारं. मी बरीच वर्षं कपाटावर होते, एका सुटकेसच्या खाली. एक बटण गंजून बसलं, घंटी मुकी झाली. मग तिनंच मला उतरवून दुरुस्त करून घेतलं आणि शिष्यवृत्तीवर येणाऱ्या नव्या मुलांच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीत लोकांच्या तोंडचं "झेपेल का?" घेऊन आलेली मुलं बसतात आणि जाताना स्वतःच्या हातानं लिहिलेलं काहीतरी घेऊन जातात.

तुमच्या शाळेत माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल, तर तिला खाली उतरवा. ब्रेलच्या पानांवर वजन ठेवू नका. न बघता शिकणारं कुणी वर्गात आलं, तर आधी बाकावर सरकून जागा करा, शंका नंतर विचारा. आमचं काम आम्ही करून दाखवतो. मला फक्त अधूनमधून तेल लागतं. तेवढं विसरू नका.