भामाबाईंची लोखंडी कडी

भामाबाईंनी दोरा काढू दिला नाही तो नाहीच. गव्हाणच्या मिठागरावरून बैलगाडीत खंड्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या पनवेलला आल्या होत्या. लॉरीची धडक बसून कुत्र्याच्या मागच्या पायाचं, मांडीचं हाड मोडलं होतं. दृष्ट उतरावी म्हणून त्याच मांडीला त्यांनी काळा दोरा बांधून त्यात लोखंडी कडी ओवली होती.

"एक्स-रे काढायचाय, भामाबाई. लोखंडाची सावली पडते," जनावरांचे डॉक्टर सॉलोमन वैतागून म्हणाले.

"पडू दे. दोरा आमी नाय काढणार. दीर बोलतो, लंगडं कुत्रं आगरावर नको, गोळी घालीन. माजं दुसरं कोन हाय, दाक्तर?"

नवरा गेल्यापासून आगरावरच्या झोपडीत त्या आणि खंड्या, एवढाच संसार होता. सॉलोमननी कपाळाला हात लावला आणि एक्स-रे कडीसकट काढून घेतला.

हाडात पोलादी सळई बसवायची होती. असं ऑपरेशन त्यांनी आयुष्यात एकदाच केलं होतं, खोतांच्या शिकारी कुत्र्यावर. त्या कुत्र्याचा गुडघा कायमचा आखडला. "गडी रामूनं फार लवकर मोकळा सोडला त्याला," असं सॉलोमननी खोतांना सांगितलं होतं, आणि रामूची नोकरी गेली होती. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या खेपेला त्यांनी एक्स-रेवर पातळ कागद ठेवून हाड गिरवलं, मोड गिरवली, चिडून ती कडीसुद्धा गिरवली. कागदावर सळई आखली आणि ती किती आत जायची तिथे सळईवर कानशीनं खूण केली. खूण आली की हातोडी थांबवायची. सळई पुढे गेली तर थेट गुडघ्यात घुसणार.

सळई मुंबईहून यायलाच शुक्रवार उजाडला. दिवेलागणीला सॉलोमनांचा शब्बाथ, ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा वार, सुरू होणार, आणि रविवारपर्यंत थांबलं तर स्नायू आखडून हाड जागेवर येणं मुश्कील. दुपारी तीनला कंपाउंडर जगननं खंड्याला भुलीचं इथर दिलं. भामाबाई बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. पाय साफ करताना जगननं दोरा कापला आणि कडी समोरच्या कागदावर टाकली.

सॉलोमन ती उचलायला वाकले आणि तसेच थांबले.

कडी नेमकी कागदावरच्या कडीत पडली होती, पण रेघ तिच्याभोवती सगळीकडून दिसत होती. खरी कडी लहान होती! एक्स-रे काढताना ती मांडीच्या कडेला, फिल्मपासून हाडाइतक्याच उंचीवर लोंबत होती. एक्स-रेत कडी मोठी दिसली असेल, तर हाडही मोठंच दिसलं असणार. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"साहेब, इथर जास्त वेळ देता नाही येणार," जगन म्हणाला.

"थांब!"

त्यांनी पट्टी लावली. कागदावरचे दहा भाग म्हणजे खरे नऊ. सहा इंचांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक. तेवढी सळई आज खंड्याच्या गुडघ्यात गेली असती. खोतांच्या कुत्र्याच्या गेलीच होती; तेव्हाही माप एक्स-रेवरूनच घेतलं होतं. घाम पुसत त्यांनी कानशीनं नवी खूण केली. हात धुताना त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

मग त्यांनी कामाला सुरुवात केली. हाडाचे तुकडे जुळले. हातोडीचा एकेक हलका ठोका देत सळई उतरू लागली. नव्या खुणेवर ते थांबले. त्यांनी श्वास रोखून खंड्याचा गुडघा वाकवला. गुडघा वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. कुठेच अडला नाही.

ते बाहेर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"चालेल तुमचा खंड्या," ते म्हणाले. "कडीनं वाचवला."

"मंग? आमी काय सांगत व्हतो?" भामाबाई रडता रडता त्यांच्यावरच डाफरल्या. 

घरी बायकोनं, सिप्पोरानं, शब्बाथचा दिवा तयार ठेवला होता.  शब्बाथ संपेपर्यंत सॉलोमन घराबाहेर पडले नाहीत.

रविवारी सकाळी ते आधी खोतांकडे गेले, मग रामूच्या घराची वाट धरली. कुत्र्याच्या हाडाची रेघन् रेघ कागदावर गिरवणाऱ्या या माणसाला रामूच्या दारात पोचेपर्यंत पहिलं वाक्य काही जुळवता आलं नाही.