पान, थेंब, बुडबुडे आणि मी

माझ्या साबणाच्या धंद्याला तेव्हा गिऱ्हाईक एकच होतं, आणि तेही अजून व्हायचं होतं. भेटवस्तूंच्या दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "दिसायला छान आहेत हो साबण. पण यावर तुमची काहीतरी खूण हवी. लोगो करून आणा, मग एक अख्खी फळी देते तुम्हाला." वापरायला कसे आहेत हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

ती फळी मला हवीच होती. विमा कंपनीतली नोकरी सोडताना मी साहेबांसमोर भाषण ठोकलं होतं. हाताने काहीतरी घडवायचंय, स्वतःची ओळख हवी, वगैरे वगैरे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सहा महिने तुमची जागा भरत नाही." त्या एका वाक्याचा राग मला अजून पुरत होता. धंदा बसला तर त्याच खुर्चीत मान खाली घालून परत बसावं लागणार होतं, आणि शेजारच्या टेबलवरच्या बाई रोज विचारणार होत्या, "मग, साबण काय म्हणतात?"

लोगोचं काम मी मामेभावाला दिलं. त्याला जाहिरातींची चित्रं काढता येतात आणि नातेवाइकांना नाही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टींचा मी पुरेपूर फायदा घेतला. त्याने पान काढलं, तर मी म्हटलं, पानात जीव नाही. थेंब काढला, तो मला रडका वाटला. तीन बुडबुडे काढले, त्यातला तिसरा आगाऊ वाटला. शेवटी वैतागून त्याने केस मोकळे सोडलेल्या एका बाईचा चेहरा काढला आणि मी तो कागद जवळ ओढला. त्या बाईचं नाक माझ्यासारखं होतं. म्हणजे माझं नाक जरा बरं असतं तर जसं दिसलं असतं तसं.

"ताई, मग हाच ना?" त्याने आशेने विचारलं.

"असं कसं? घरच्यांना विचारायला नको?"

मला तोच हवा होता. फक्त चारचौघांनी आग्रह करून तो माझ्या गळ्यात घालावा, एवढीच माफक इच्छा होती.

म्हणून मी त्याच्याकडून चारही लोगोंचे ठसे करून घेतले. साबण कापला की एक-दोन दिवस मऊ असतो, तेव्हाच त्यावर ठसा बसतो. ताज्या वड्यांवर मी ते मारले, आणि आठ-दहा दिवसांत वड्या हाताला कोरड्या लागल्या तशा त्या वापरायला काढल्या. साबण निदान महिनाभर वाळू द्यावा असं पुस्तकात होतं, पण ते नवशिक्यांसाठी असणार, असं मी दुसऱ्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं.

बाथरूममध्ये चार डब्या मांडल्या. सासूबाईंना पान, नवऱ्याला थेंब, कॉलेजातल्या लेकीला बुडबुडे, आणि निव्वळ योगायोगाने मला बाई. "आठवडाभर वापरा," मी जाहीर केलं, "आणि मग मोकळेपणाने बोला."

सगळे अगदी मोकळेपणाने बोलले. सासूबाई म्हणाल्या, पान बघून अंघोळीआधीच ताजंतवानं वाटतं. नवरा म्हणाला, थेंबात एक खोली आहे. लग्नानंतर त्याच्या तोंडून हा शब्द मी फक्त घरभाड्याच्या संदर्भात ऐकला होता. लेकीला बुडबुडे कूल वाटले. मी म्हटलं, त्या बाईच्या चेहऱ्यात आपलेपणा आहे. "असणारच," नवरा म्हणाला.

चार लोगो, प्रत्येकाला एक मत. मामेभावाने फोनवर उसासा टाकला. "ताई, वापरलेल्या साबणांचे फोटो पाठव. ज्याचा ठसा जास्त टिकलाय तोच पक्का करू आणि सुटू."

मी डब्या उघडल्या. चारही ठसे जसेच्या तसे! पानाची शीरन्‌शीर दिसत होती. बाईचं नाक तर तसूभर झिजलं नव्हतं. मला भरून आलं. आठवडाभर चार माणसं अंघोळ करताहेत आणि एक रेघ हलली नाही, काय साबण केलाय मी! फोटो पाठवून खाली तीन उद्गारचिन्हं टाकली.

लगेच उत्तर आलं. "ताई, नवे नकोत गं. वापरलेले पाठव."

मी स्टुलावर बसले. थेंबाच्या डबीत कोळ्याचा एक धागासुद्धा होता.

मग मी झडती घेतली. नवऱ्याचा दुकानी साबण दाढीच्या सामानात सापडला. लेकीचा तिच्या कपाटात, मोज्यांखाली. सासूबाईंचा टॉवेलच्या घडीत, आणि तोही पाठीवर जुन्या वडीची चकती घेऊन. ही सासूबाईंची जुनी सवय. साबण झिजून पातळ झाला की ती चकती त्या नव्या वडीला चिकटवतात. पण हा मान आवडत्या साबणाचाच. नावडत्याने फरशीची फडकी धुतली जातात. माझ्या साबणाची चकती मी कधी पाहिलीच नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

माझं डोकं सणकलं. सगळ्यांच्या नावाने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण बादलीमागे, घासणीखाली, चौथा दुकानी साबण होता, आणि तो माझा होता. विकायचा माल आपणच कशाला संपवायचा, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे माझ्या साबणाने मला खाज सुटायची.

संध्याकाळी चारही दुकानी साबण मी जेवणाच्या टेबलावर मांडले. सासूबाईंनी चष्मा लावला. "हा माझा. हा याचा. हा हिचा. आणि हा गं कुणाचा?"

"माझा."

लेक फिसकन हसली, मग नवरा, मग सासूबाई. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. "एकाने तरी सांगायचं होतंत ना मला!"

"काय सांगायचं?" सासूबाई म्हणाल्या. "अंगाला चुरचुरतो, डबीत ठेवला की चिखल होतो. पण तू साबण कापताना गुणगुणायचीस. ऑफिसातून यायचीस तेव्हा तुझ्याशी बोलायची भीती वाटायची गं आम्हाला."

"आणि लोगो खरंच छान आहेत," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस."

मग सासूबाईंनाच आठवलं. "कपाटावर तुझा पहिला साबण पडलाय ना?"

पडला होता. लोगो ठरला की ठसा मारू, म्हणून मी तो वर ठेवला आणि लोगोच्या नादात विसरले. दोन महिने तो बिचारा आपला आपण वाळत होता. दुसऱ्या दिवशी मामेभावाने येऊन बाईचा ठसा त्यावर ठेवला. हाताने दाबला, अंगाचा भार टाकला, शेवटी हातोडी मारली. वडीचा कोपरा उडाला. "ताई, दगड झालाय. यावर आता काही उमटायचं नाही." मग हात धुवायला त्याने तोच तुटका साबण घेतला, बराच वेळ धूत राहिला आणि म्हणाला, "हा तू केलास?" त्याच्या आवाजातलं आश्चर्य मला अजिबात आवडलं नाही.

थोडक्यात, माझ्या हातून झालेला एकुलता एक चांगला साबण हा माझं लक्ष नसताना झाला होता.

मामेभावाला मी सांगितलं, साबण गुंडाळायच्या कागदावर हाताला येईल तो लोगो छाप. दोन महिने छळ सोसलेल्या त्या माणसाने डोळे मिटून एक चित्र उचललं. बुडबुडे छापून आले. ठशांच्या भानगडीत न पडता महिनाभर वाळवलेल्या, त्या कागदांत गुंडाळलेल्या कोऱ्या वड्या बघून मालकीणबाईंनी नाक मुरडलं आणि अर्धीच फळी दिली. अर्ध्या फळीवर घर चालत नाही. त्यातच साहेबांचा निरोप आला, "काय ठरलं?" मी उत्तर दिलं नाही. मला काही ठरवताच येत नव्हतं.

तुटक्या कोपऱ्याची ती वडी सासूबाईंनी उचलली होती. मग रोज त्यांच्या मागोमाग बाथरूममध्ये शिरून त्यांची डबी उघडून बघणं, हा उद्योग मी सुरू केला. तुटलेली कड गोल होत गेली, वडी पातळ होत गेली. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती; हे घर किती गोड खोटं बोलतं ते मी पाहिलं होतं.

एका सकाळी डबीत माझीच नवी कोरी वडी दिसली. तिच्या पाठीवर जुनीची चकती चिकटवलेली होती, कडा बोटाने नीट दाबून. त्यावर पान नव्हतं, थेंब नव्हता, आणि मी तर नव्हतेच. मी ती हातात घेऊन तशीच उभी राहिले.

बाहेरून दार वाजलं. "अगं, माझा साबण घेऊन आत काय करत बसलीस? मला अंघोळीला जायचंय."

मी दार उघडलं, त्यांचा साबण त्यांच्या हातात दिला, आणि साहेबांना फोन लावला. म्हटलं, ती जागा भरून टाका.