एकवीस आख्यानं आणि चौथी फ्लॉपी

चिंचणीच्या रामनाथबुवांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं, त्यांना काही सांगायला नको. ज्यांना ते ऐकायला मिळणार नव्हतं, त्यांच्यासाठी दमयंतीने दोन वर्षं खपून बुवांची एकवीस आख्यानं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. बुवा तिचे वडील. बोईसरला लेकीच्या घरी झोपाळ्यावर बसून ते सांगायचे, मध्येच साकी गाऊन दाखवायचे, आणि ती टाईप करत जायची. बुवांनी जन्मात ओळ लिहून ठेवली नव्हती. सगळं कंठात. शहाण्णवच्या श्रावणात अर्धांगाचा झटका आला आणि तो कंठच गेला. डावा हात तेवढा हलायचा.

आता ती आख्यानं कंठात नव्हती, कॉम्प्युटरमध्ये होती, आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी कॉम्प्युटरच्या पोटातून टकटक ऐकू येऊ लागली.

स्टेशनसमोर कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा पंढरी बोलावल्याबरोबर आला. त्याने पेटीला कान लावला आणि लगेच मशीन बंद केलं.

"ताई, डिस्क जायला आली. बॅकअप हाय ना?"

"आहे तर!" दमयंतीचे यजमान बळवंत पुढे झाले. "नऊ फ्लॉप्या आहेत. ऑफिसातल्या मित्राने सॉफ्टवेअर दिलं, चुटकीसरशी काम झालं." आणि त्यांनी देवघरातून लाल फडक्यात बांधलेलं पुडकं आणलं.

पंढरीने गाठ सोडली आणि तो बघतच राहिला. प्रत्येक फ्लॉपीवर हळदकुंकू.

"हे काय, काका?"

"खंडेनवमीला पूजा केली. कुणी कोयते पुजतात, कुणी यंत्रं. आमच्या घरात पुजण्यासारखं हेच."

पंढरीने एका फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून फुंकर मारली. पिवळी धूळ उडाली. हळद वाहिली होती दमयंतीने. बाबांचे शब्द म्हणून चिमूटभर जास्तच.

पंढरी पुडकं घेऊन क्लासवर गेला आणि तासाभरात परत आला. तीन फ्लॉप्या नीट वाचल्या गेल्या होत्या, चौथी खरखरली आणि अडली.

"मग बाकीच्या आठ आहेत की चांगल्या," बळवंत म्हणाले.

"असून काय कामाच्या? ह्या सॉफ्टवेअरने अख्ख्या मशीनचं दाबून एकच गाठोडं केलंय. मधली एक गेली की पुढचं काय उघडत नाय." त्याने खिशातून दोन फ्लॉप्या काढल्या. "आता नीट ऐका. ही डिस्क आणखी एकदा चालेल, एवढंच धरा. हे एक सॉफ्टवेअर तुमच्यासारखंच, नवीन, दहा मिनिटांत उरकतं. हे दुसरं जुनं आणि रटाळ. एकेक आख्यान वेगळं उतरवतं, उतरवलेलं पुन्हा वाचून ताडून बघतं, मग पुढे. तासाच्या वर लागेल. कुठलं घालू?"

"दहा मिनिटांचं!" बळवंत म्हणाले. "तिकडे डिस्कचा जीव चाललाय, अन् आपण वाचत काय बसायचं?"

दमयंतीने झोपाळ्याकडे पाहिलं. तो आता रिकामाच असायचा. तिला बाबांची एक खोड आठवली. मागे झील धरायला नवा माणूस आला की बाबा ऐन रंगात ओळ अर्धी टाकून गप्प व्हायचे. मोठ्या आवाजाची माणसं तिथेच तोंड उघडं टाकून उभी राहायची. मग बाबा हसून म्हणायचे, "मी गात असताना सगळेच गातात रे. मी थांबलो की कळतं, ओळ कुणाकडे आहे."

"पंढरी," ती म्हणाली, "ह्यातल्या कुठल्याला मला मध्येच थांबवून विचारता येईल, की बाबा रे, दाखव काय आलंय तुझ्याकडे?"

"रटाळाला. दुसरं सगळं संपल्याबिगर तोंडच उघडत नाय."

"मग तेच घाल."

"अगं, पण डिस्क मध्येच गेली तर?" बळवंत म्हणाले.

"गेली तर जेवढं आलं तेवढं तरी खरं आलेलं असेल."

पंढरीने मशीन सुरू केलं. टकटक वाढत होती. एक आख्यान कोऱ्या फ्लॉपीवर उतरायचं, ताडून व्हायचं, पडद्यावर 'बरोबर' अशा अर्थाची खूण यायची, की दमयंती हात जोडायची. अकरा झाली. सोळा झाली. चहा तसाच निवला. वीस झाली. एकविसाव्याला टकटक एकदम थांबली. पडदा गोठला तो गोठलाच.

नव्या फ्लॉप्या घेऊन तिघे क्लासवर गेले. तिथल्या मशीनवर दमयंतीने वीसच्या वीस आख्यानं उघडली आणि प्रत्येकाची पहिली नि शेवटची ओळ मोठ्याने वाचली. ती वाचून झाल्याशिवाय तिने कुणाला हलू दिलं नाही.

घरी आल्यावर ती बाबांच्या खाटेशी बसली. लपवण्यात अर्थ नव्हता.

"बाबा, वीस आली. शबरी गेली. आणि आधीच्या फ्लॉप्या माझ्या हातच्या हळदीने गेल्या."

बुवांनी डोळे मिटले. मग त्यांची डाव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर वाजू लागली. एक, दोन, तीन, आणि थांबली. पुन्हा एक, दोन, तीन. दमयंतीने तो ताल ओळखला. शबरी बोरं चाखते तिथली साकी. लहानपणी तिने बाबांच्या मागे उभं राहून हिचीच झील धरली होती.

तिने गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर बोटं थांबली. तिने शब्द बदलला. बोटं हलली नाहीत. पुन्हा बदलला. बोटं वाजू लागली.

बळवंत वही घेऊन दाराशी बसले होते. पानाखाली त्यांनी कार्बन घातला होता.