भावजींचं वाक्य

धाकटी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावायची. तिथली देखरेखीची जागा रिकामी झाली तेव्हा मालकीणबाईंनी तिचं नाव सुचवलं, पण मुलाखत इंग्रजीतून होणार होती. म्हणून ती कामावरून थेट थोरल्या बहिणीकडे जायला लागली. ताई शाळेत इंग्रजी शिकवायची. आई गेल्यापासून धाकटीला तिच्याशिवाय हक्काचं कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी 'फाइंड' हा शब्द निघाला. धाकटी म्हणाली, सोपं आहे, फाइंड म्हणजे शोधणं. ताईने तिला तिथेच अडवलं. शोधणं ही नुसती धडपड; हाती लागलं तरच फाइंड. शिवाय एखादं काम अवघड वाटलं तरी फाइंड, आणि लपलेलं कळलं की फाइंड आउट. एकटा शब्द इतक्या घरची कामं करतो, तर त्याला पगार किती, असं धाकटीने विचारलं. दोघी हसल्या.

ताईने तिला स्वतःचं वाक्य करायला सांगितलं. तिने हरवलेल्या चष्म्याचं केलं. ओट्यापाशी भाजी चिरणाऱ्या भावजींनाही चेव आला. त्यांनी आधी इंग्रजीत काहीतरी म्हटलं, मग धाकटीचा कोरा चेहरा बघून मराठीत सांगितलं, "तुझ्या लिफ्टवाल्याला आमचं घर सापडलं, पण तू नाही सापडलीस."

लिफ्ट दुरुस्त करणारा तो मुलगा परदेशी कामाला गेला होता. परत आलो की लग्न करू, म्हणाला होता. पुढे त्याचे फोन बंद झाले, आईच्या आजारपणात मायलेकींनी घर बदललं, आणि त्याने पाठ फिरवली असं धरून धाकटीने तो विषय मिटवला होता.

"कधी आला होता तो?" तिने विचारलं.

भावजींची सुरी थांबली. ते बायकोकडे बघत म्हणाले, "तू हिला सांगितलं नाहीस?"

ताईने पुस्तकाची पानं सारखी केली. मग म्हणाली की, हिचं लग्न झालंय, असं तिने त्याला सांगितलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. धाकटी निघून गेली असती तर आईचं कोणी केलं असतं? ताईची स्वतःची मुलं लहान होती, नोकरी नवी होती. ताई बोलत राहिली आणि धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग ती भावजींकडे वळली.

"तो काय म्हणाला?"

"पाणी मागितलं. मग विचारलं, सुखात आहे का ती."

पुढचं ताईनेच सांगितलं, "खूप सुखात आहे, म्हटलं मी."

धाकटीला एकच गोष्ट आठवत होती. तो आता येत नाही, असं म्हणत ती ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती, आणि ताई तिच्या केसांतून हात फिरवत बसली होती.

"मी तुझ्या मांडीवर रडले, ते तो येऊन गेल्यावर की आधी?"

"नंतर," ताई म्हणाली.

धाकटीने पिशवी उचलली आणि ती जिना उतरली. भावजी दारापर्यंत आले.

मुलाखतीत ती दोनदा अडखळली, तरी जागा तिलाच मिळाली. ताईचा फोन आला तेव्हा तिने ते सांगितलं, मुलांची चौकशी केली आणि कारखान्यातून बोलावणं आलंय असं सांगून फोन ठेवला. ती घरीच होती. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती.