लापशीचे नऊ दिवस

उंदरांच्या मेंदूत माणसाची गाठ पेरायची, ती वाढली की औषध टोचायचं आणि कोण किती दिवस जगतो ते मोजायचं. हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या आमच्या संस्थेत एकोणीस वर्षं हेच चाललंय, आणि एकोणीस वर्षं त्यांची घाण मी, एतेल्का, काढतेय. शी! घरी माशाचा तिखट रस्सा रटरटत असला तरी नाकातला तो वास काही जात नाही.

या खेपेला औषध दिलेले उंदीर नऊ दिवस जास्त जगले. प्रोफेसर बार्नाबाशनी केक वाटला. फाटकावरचा पहारेकरी आंब्रुश तर हरखूनच गेला. त्याच्या डोक्यात तीच गाठ.

"मावशी, सोमवारपासून गाठ जाळायला किरण घ्यायचे होते ना? नाही घेत. सरांचं औषध येईतो थांबतो."

ते नऊ दिवस कुठून आले, ते मला ठाऊक होतं. वजन पाचव्या हिश्श्याने घटलं की उंदराला मारायचं आणि तोच त्याचा शेवटचा दिवस धरायचा, असा आमच्याकडे नियम. त्या औषधाने बिचाऱ्यांना हगवण लागायची. मला बघवेना, म्हणून त्यांच्याच पिंजऱ्यांत मी रोज दाणे भिजवून लापशी ठेवायचे. बाकीच्यांना कोरडे दाणे, ते गाठीपायी वाळत जायचे. वजन टिकलं ते माझ्या लापशीने. औषध कसलं न् काय!

तडक प्रोफेसरांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"कुणाला बोललात का?" त्यांच्या ओठाला अजून क्रीम होतं.

"अजून नाही."

"मग बोलूही नका. निबंध छापायला गेलाय."

"आणि आंब्रुश?"

"तो तसाही थोड्या दिवसांचा सोबती आहे, बाई."

मेलेल्या उंदरांच्या पिशव्या उचलतानाही एवढी किळस आली नव्हती. प्रोफेसरांची आली, तशी माझीही आली. इतकी वर्षं यांच्या हाताखाली राबले मी! "थू तुमच्या निबंधावर," म्हटलं आणि दार आपटून निघाले.

फाटकावर आंब्रुशला सगळं सांगून टाकलं. "औषध नव्हे रे, माझी लापशी होती ती. सोमवारी मुकाट्याने किरण घ्यायला जा."

शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जातो," एवढंच तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "लापशीत काय घालायचीस गं?"

"दाणे आणि कोमट पाणी. दुसरं काही नाही."

"मलाही वाटीभर आणशील?"