स्टेशनालगतच्या वखारी

इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि तंजावरात राजवाड्यापुढच्या दुकानांची रया गेली. जरीचे शेले, वीणा, अत्तरं, जे काही तिथे विकलं जाई त्याचं मोठं गिऱ्हाईक वाड्यातच होतं. त्या रस्त्यावर कृष्णवेणीबाईंची दुकानांची एक ओळ होती. नवऱ्यामागे तीच त्यांची मुख्य मिळकत, शिवाय थोडी भातशेती. एकेक भाडेकरू कुलूप लावून जाऊ लागला, तेव्हा त्यांनी दोन जाणत्या माणसांना घरी बोलावलं.

कल्याणरामपंत पूर्वी वाड्याच्या इमारत खात्यात होते. जागेची हद्द, भाडेपट्टा, कुठली भिंत कोणाची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गावात दुकान घ्यायचं तर लोक आधी त्यांना विचारत. दुसरा रघोजी, नात्यानं बाईंचा चुलतदीर. तांदळाची दलाली करायचा आणि वारा कुठून येतोय ते त्याला इतरांच्या आधी कळायचं.

"बाई, घाई करू नका," पंत म्हणाले. "देवळाजवळची आणि वाड्याजवळची जागा पडून राहत नाही. आज मंदी आहे, उद्या इथेच पुन्हा वर्दळ होईल."

"वर्दळ कोण करणार?" रघोजी म्हणाला. "वैनी, बाजार गिऱ्हाइकामागे जातो. आता गिऱ्हाईक म्हणजे ही नवी आगगाडी. आपल्या मुलखातला सगळा तांदूळ तिच्यातून जाणार. गाडीत चढण्याआधी तो कुठेतरी ठेवावा लागेल. ती जागा आपली असायला हवी."

बाईंना रघोजीचं पटलं. दुकानं विकून त्यांनी स्टेशनालगत दोन वखारी बांधल्या, एक मोठी आणि एक धाकटी. पक्क्या विटांच्या, कौलारू, रुळांच्या बाजूला लांबलचक ओसरी असलेल्या. भाडेकरू रघोजीनं आणले. पुढची काही वर्षं बाईंना मागे वळून पाहावं लागलं नाही, आणि पंतांपेक्षा रघोजीचा सल्ला घेणारे लोक वाढले.

मग सेलम आणि कोइमतूरकडे पाऊस पडला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. कावेरीच्या कालव्यांना मात्र पाणी होतं, तंजावरची शेतं पिकली. दुष्काळाच्या गोष्टी कानावर येत. अन्नछत्रात जेवायला लोक वाढलेत, असं देवळातून येणाऱ्या बायका सांगत. कृष्णवेणीबाई ऐकून हळहळत आणि कामाला लागत.

एके दिवशी सकाळी रघोजी आला तो बसलासुद्धा नाही.

"वैनी, मद्रासचा एक व्यापारी दोन्ही वखारी विकत मागतोय. म्हणाल ती किंमत. पण मी म्हणतो, विकू नका. शेजारची मोकळी जागाही घ्या आणि तिसरी बांधा. जन्मात एकदा असा बाजार येतो. चला, जागा दाखवतो."

वखारी बांधून झाल्यापासून बाई तिकडे फिरकल्या नव्हत्या. त्या बैलगाडीत बसल्या, रघोजी बरोबर चालत निघाला. स्टेशनाच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही कडांना माणसं दिसू लागली. बाईंना वाटलं, कुठल्या देवळाचा उत्सव असेल. मग लक्षात आलं की एवढ्या माणसांत कोणी बोलत नव्हतं.

गाडी वखारीपाशी थांबली. बाई उतरल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्यांच्या ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं पडली होती. काही हलत होती. काहींच्या तोंडावरच्या माश्या कोणी हाकलत नव्हतं. पोती उतरवताना सांडलेले दाणे वेचायला बायका मातीत बसल्या होत्या. मूठभर माती चाळायची, त्यातून दोन दाणे निघायचे. राखणदार काठी आपटत त्यांना मागे सारत होता. भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता. त्याच्या मांडीवर झोपलेलं मूल जिवंत होतं, म्हातारा नव्हता.

"ही इकडची बाजू रुळांना लागून आहे," रघोजी सांगत होता, "म्हणून हिला भाव जास्त." त्याने एका माणसाच्या पायांना वळसा घातला आणि बोलणं न तोडता पुढे गेला. "तिसरी वखार इथून त्या चिंचेपर्यंत येईल. वैनी, घोट्याएवढं पाणी साचलंय तिथे, जपून या."

बाई गेल्या नाहीत. त्या रघोजीकडे बघत राहिल्या. त्यानं वळसा घातलेल्या माणसाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"भावजी, ही माणसं तुम्हाला दिसतात ना?"

"दिसतात," तो म्हणाला. "रोज येतात. सरकार बघेल त्यांचं. आपण काय करणार?"

बाई त्या मुलापाशी वाकल्या. बाजूला बसलेल्या एका बाईनं ते उचलून घेतलं. तिचं नाव चेल्लम्मा. कृष्णवेणीबाईंनी तिला तमिळमधून विचारलं, कुठून आलात?

"सेलमकडून."

"पण तांदूळ तर गाडीनं तिकडेच जातो."

"जातो," चेल्लम्मा म्हणाली. "आम्ही पाहिला. स्टेशनावर पोत्यांचे ढीग होते. त्या भावानं घेईल असं आमच्यात कोणी नव्हतं. मग जिथून तो येतो तिकडे जावं म्हणून रुळांच्या कडेनं चालत निघालो." तिनं वखारीकडे पाहिलं. "हे कोणाचं आहे, अम्मा?"

बाई वळल्या आणि गाडीत चढल्या.

त्या तिथून थेट कल्याणरामपंतांच्या घरी गेल्या. पंत जेवायला बसत होते; बाईंचा चेहरा बघून पानावरून उठले.

"माझ्या वखारी मी उघडू शकते का?" त्यांनी विचारलं.

"वखार तुमची, आतला तांदूळ भाडेकरूचा," पंत म्हणाले. "त्याला हात लावलात तर चोरी होईल. मोठीचा पट्टा अजून बराच आहे. धाकटीचा मात्र या महिन्यात संपतो. ती रिकामी करून मागता येईल. सल्ला विचाराल तर आज ती रिकामी ठेवणं म्हणजे वेडेपणा. गेल्या तीस वर्षांत जागेला असा भाव मी पाहिला नाही."

"तो कशामुळे आला ते मी आज पाहिलं," बाई म्हणाल्या.

पंतांनी त्याच दिवशी भाडेकरूला नोटीस धाडली. त्याबद्दल त्यांनी पुढे कधी काही म्हटलं नाही आणि बाईंकडून काही घेतलंही नाही.

धाकटी वखार रिकामी झाली तशी बाईंनी आपल्या शेतातलं भात कांडून तिथे आणलं आणि चुली मांडल्या. पहिल्या दिवशी घट्ट भात केला. एका माणसानं तो घाईघाईनं खाल्ला, पोट धरून आडवा झाला आणि संध्याकाळच्या आत गेला. बाई त्याच्याजवळ बसून होत्या. आपण वाढलं आणि तो मेला, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. अन्नछत्रातल्या वैद्यानं सांगितलं, इतक्या उपाशी पोटाला आधी नुसती पातळ कंजी, म्हणजे तांदळाची पेज, द्यायची. दुसऱ्या दिवसापासून चेल्लम्मा पळी हातात घेऊन बसली आणि कोणाला किती द्यायची ते ती ठरवू लागली.

काही दिवसांनी रघोजी आला. संतापलेला होता, पण आवाज त्यानं चढवला नाही.

"वैनी, तुमच्या कंजीमुळे गर्दी दुप्पट झाली. मालाच्या गाड्या दारापर्यंत येत नाहीत. रुळांलगतच्या सगळ्या वखारींचे भाडेकरू भाडं कमी करून मागताहेत. शेजारचे मालक मला धरतात."

"त्यांना इथे पाठवा."

"ते आले तर काय दाखवणार?"

"तुम्ही मला दाखवलंत तेच."

रघोजी दारातच उभा राहिला. आत माणसं रांगेनं बसली होती, पळीचा आवाज येत होता. त्यानं एकदा आत पाहिलं, मग रुळांकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतर वखारींच्या व्यवहारासाठी तो बाईंकडे आला नाही.

आश्विनात सेलमकडे पाऊस पडल्याची बातमी आली. चालू शकणारे लोक परत निघाले. चेल्लम्माही निघाली, त्या म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या मुलाला कडेवर घेऊन. बाईंनी तिला गाडीचं तिकीट काढून देऊ केलं. तिनं मान हलवली. त्या गाडीत बसवत नाही, म्हणाली.

दुष्काळ सरला तसा भावही उतरला. दुष्काळात घाईनं बांधलेल्या कितीतरी वखारी ओस पडल्या. बाईंची मोठी वखार चालू राहिली. धाकटी कोणी घेईना. तिथे माणसं मेली आहेत, असं रघोजी नव्या व्यापाऱ्यांना सांगे. ते खरंच होतं, म्हणून बाईंनी त्याला कधी अडवलं नाही. बऱ्याच काळानं कुंभकोणमच्या एका काथ्याच्या व्यापाऱ्यानं ती थोडक्या भाड्यात मागितली. बाई स्वतः त्याच्याबरोबर गेल्या. आत गेल्यावर त्यानं भिंती ठोकून पाहिल्या, छत पाहिलं आणि फरशीवरचे चुलींचे काळे डाग बघून विचारलं, "इथे काय होत होतं?"

बाईंनी त्याला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.