आडमुठा आकडा

म्हातारा दातेरी चाकं कापायचा आणि जावयाची सालटी काढायचा. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जावई आधी दारोदार मोजे विकायचा. पोरीच्या हट्टापायी म्हाताऱ्यानं त्याला गाळ्यात घेतलं खरं, पण किल्ली स्वतःच्याच कमरेला ठेवली.

अशात त्या पठ्ठ्यानं साबणवाल्याचं मोजणीयंत्राचं काम परस्पर घेतलं. पट्ट्यावरून एक लाख एकोणीस हजार एकशे एकोणीस वड्या गेल्या की घंटा वाजली पाहिजे. त्या वडीत साबणवाला सोन्याचं नाणं घालणार.

"वा, जावईबापू!" म्हातारा म्हणाला. "पायातला मोजा डोक्यात घातला होतात का?"

"का हो मामा?"

"का म्हणे! आकड्याचे तुकडे पडले तर चाकं होतात. साठाचे पाच नि बारा पडतात, दोन बारक्या चाकांत भागतं. तुझ्या आकड्याला दोनानं भाग जात नाही, तिनानं नाही, पाचानं नाही. पाड आता एकाच चाकाला लाखभर दाते! ठेवणार कुठं? सासऱ्याच्या छातीवर?"

जन्मभर घड्याळाची चाकं कापलेली. घड्याळात बारा, चोवीस, साठ. दोन-तीन-पाच संपले की म्हाताऱ्याच्या लेखी गणितच संपायचं.

पोर म्हणाली, "आणि केलं त्यांनी तर?"

"तर किल्ली त्याची. नाहीतर मोज्यांची पिशवी पुन्हा खांद्यावर."

जावई डोकं खाजवत म्हणाला, "मामा, लाख म्हणूच नका. एकशे एकोणीस हजार, वर एकशे एकोणीस. एकच आकडा दोनदा. म्हणजे एकशे एकोणीसची एक हजार एक पट. हजार एकचे सात, अकरा, तेरा पडतात. एकशे एकोणीसचे सात नि सतरा."

"दिसली जोडी की धावला! मोजेवाला तो मोजेवालाच."

जावयानं तीन चाकं कापली. सात नि अकराचं मिळून सत्त्याहत्तर दात्यांचं, सात नि तेराचं एक्क्याण्णवचं, उरलेलं सतराचं. प्रत्येकाला एक पेच. पेचाचा एक फेरा झाला की चाक एक दाता सरकणार, आणि एका चाकाचा पूर्ण फेरा झाला की पुढचा पेच एकदा फिरणार. शेवटच्या चाकाचा फेरा पुरा झाला की घंटा. पहिल्या पेचाला फेरे मोजणारी आकडेपट्टी जोडली, ती शून्यावर आणून मोटार लावली.

म्हातारा स्टूल ओढून समोर बसला. टोमणा तोंडात तयारच होता. दुपारभर चघळला त्यानं. घंटा लवकर वाजावी नाहीतर वाजूच नये, एवढंच मागणं.

शेवटचे फेरे जावयानं हातानं दिले. पोरीनं पदराचा बोळा केला होता. एक फेरा उरला. घंटा गप्प. म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या.

जावयानं दांडा फिरवला. टण्ण!

म्हाताऱ्यानं वाकून आकडेपट्टीवर बघितलं. एकशे एकोणीस, एकशे एकोणीस. दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे शेजारी शेजारी.

बराच वेळ तो कमरेची गाठ सोडत बसला.

"घंटा बसकी वाजतेय," किल्ली जावयाच्या अंगावर फेकत तो म्हणाला. "सकाळी लवकर उघड आणि बदल. आणि मी आलो की दार लावून बसू नकोस, दळभद्र्या."